गॅरेजमध्ये फसवणूक झाली? दुसऱ्या मेस्त्रीच्या हाती पाना देण्याआधी काय करायचं

खंबाटकी घाट चढताना इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकत नव्हती. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. आठच दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मी त्याच क्लचचे १४,६०० रुपये मोजले होते. बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी.

गाडी टो करून साताऱ्यात नेली. तिथल्या मेस्त्रींनी गाडीखाली टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. पण गिअरबॉक्सच्या बोल्टांवर तेल आणि मातीचा जुना थर जसाच्या तसा होता. एकाही बोल्टच्या डोक्यावर पान्याचा ताजा ओरखडा नव्हता. "साहेब, हा कुणी खोललेलाच नाही," ते म्हणाले. फक्त केबल सेट करून गाडी माझ्या हातात दिली होती.

मी तिथल्या तिथे म्हणालो, खोला आणि नवीन टाका. त्यावर ते मेस्त्रीच म्हणाले, "आधी फोटो काढून घ्या. मी पाना लावला की तुमच्याकडे काही राहणार नाही." माझी पुढची सगळी लढाई त्या एका वाक्यावर उभी राहिली. गॅरेजच्या फसवणुकीत पुरावा गाडीतच असतो. नडलेला माणूस घाईघाईत गाडी दुरुस्त करून घेतो आणि तो पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो. म्हणून कोर्ट, वकील, नोटीस यांच्या आधी गाडीपासून सुरुवात करू.

पहिले दोन दिवस: गाडी आहे तशी ठेवा

गाडी चालवणं धोक्याचं असेल तर चालवू नका, टो करा आणि टोइंगची पावती घ्या. ती पुढे खर्चात मागता येते. त्यानंतर ओडोमीटरचा फोटो घ्या. गॅरेजमधून गाडी मिळाली तेव्हाचं किलोमीटर बिलावर किंवा जॉब कार्डवर असतं. आताचं रीडिंग त्याच्याशेजारी ठेवलं की "तुम्हीच दोन हजार किलोमीटर रगडली" हा बचाव उरत नाही.

मग व्हिडिओ करा. सुरुवात नंबर प्लेटपासून करा आणि मध्ये न थांबवता कॅमेरा बिघडलेल्या भागापर्यंत न्या. तुकड्या-तुकड्यांच्या व्हिडिओत ही गाडी तुमचीच कशावरून, हा प्रश्न उभा राहतो. बोल्टवरची माती, जुन्या पार्टवरचा गंज, पार्ट नंबर, कंपनीचा शिक्का, डब्यावरचं एमआरपीचं लेबल हे सगळं जवळून टिपा. डिझेल गाडीचे इंजेक्टर बदलल्याचं बिल असेल तर प्रत्येक इंजेक्टरवरच्या कोडचा फोटो घ्या. आधुनिक कॉमन रेल इंजिनांत नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड बऱ्याचदा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, भरावा लागतो. ईसीयूमध्ये जुनाच कोड सापडला तर तो मोठा पुरावा ठरतो.

फोन आणि चॅट यातलं काहीही डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर "क्लच किट टाकलं, गाडी घेऊन जा" असा मेसेज असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ फोनही जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

रोख पैसे देऊन पावती घेतली नसेल तर आजच व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: "दादा, क्लचच्या कामाचे १४,६०० दिले त्याचं बिल पाठवा." भांडण पेटण्याआधी आलेलं "हो, उद्या देतो" एवढं उत्तरसुद्धा पैसे मिळाल्याची कबुली असते. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. "बिल नाही म्हणजे केस नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. यूपीआयची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, जॉब कार्डचा फोटो, सोबत आलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही चालतं.

बिल असेल तर ते नीट वाचा. जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोटीस कुणाच्या नावाने काढायची हे तिथेच ठरतं, कारण पाटीवरचं नाव आणि मालकाचं नाव अनेकदा वेगळं निघतं. नोंदणी नसताना जीएसटी घेतला असेल तर ती स्वतंत्र तक्रार होते.

फसवणूक, हलगर्जी की नुसतं महाग?

इथे स्वतःशी प्रामाणिक राहा, कारण पुढचा रस्ता यावरच ठरतो.

शेजारच्या गॅरेजमध्ये तेच काम तीन हजारांत झालं असतं, एवढीच तक्रार असेल आणि काम नीट झालेलं असेल, तर ती फसवणूक नाही. मात्र तुम्हाला आठ हजारांचं एस्टिमेट दिलं, न विचारता गाडी खोलली आणि बावीस हजारांचं बिल हातात ठेवलं, तर ती तक्रार होते.

काम केलं पण वाईट केलं, म्हणजे हेड गॅस्केट नीट बसलं नाही, ब्रेकची हवा काढली नाही किंवा टायमिंग चुकवलं, तर कायद्याच्या भाषेत ती सेवेतली त्रुटी. त्यासाठी ग्राहक आयोग पुरेसा आहे. गॅरेजवाल्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची तिथे गरज नसते.

काम न करताच पैसे घेतले, ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट पार्ट घातला, किंवा तुमची चांगली बॅटरी काढून जुनी बसवली, तर आयोगाबरोबर पोलिसांचाही मार्ग खुला होतो. त्याबद्दल पुढे.

गाडी अजून गॅरेजमध्येच अडकली असेल तर

माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच गोंधळतात. "बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाही, ही चोरी नाही का?" बहुतेक वेळा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, एखाद्या वस्तूवर कौशल्याचं काम करणाऱ्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणून रात्री दुसऱ्या किल्लीने गाडी काढून आणायचा विचार करू नका. त्यात तुम्हीच अडचणीत याल.

हा हक्क फक्त त्या गाडीवर त्या वेळी झालेल्या कामापुरता असतो. मागच्या वर्षीची उधारी किंवा तुमच्या भावाच्या गाडीचं बिल वसूल करायला तुमची गाडी अडवता येत नाही. गाडी ताब्यात असेपर्यंत तिची काळजी घेणं ही त्याच कायद्याच्या कलम १५१ नुसार गॅरेजवाल्याची जबाबदारी आहे. ती परस्पर फिरवली तर झालेल्या नुकसानीला तोच जबाबदार.

मग वादग्रस्त बिलाचं काय करायचं? गाडीची गरज असेल तर हरकत नोंदवून पैसे भरा. बिलाच्या दोन्ही प्रतींवर सहीजवळ लिहा: "बिलातील अमुक बाबी मान्य नाहीत. गाडीची निकड असल्याने हरकत नोंदवून रक्कम देत आहे. दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे." त्याने तसं लिहू दिलं नाही तर पैसे यूपीआयने भरा आणि हाच मजकूर लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. रोख देऊ नका. "पूर्ण समाधान झाले" असं छापलेल्या ओळीखाली सही करू नका. करावीच लागली तर ती ओळ खोडून शेजारी सही करा.

निघताना काढलेले जुने पार्ट मागून घ्या. प्लेट, पॅड, बेअरिंग, पंप, जे काही बदललं असं सांगतात ते सगळं. "भंगारात टाकलं" असं उत्तर आलं तर तेही मेसेजवर लिहून घ्या.

तज्ज्ञाचा कागद

"दुसऱ्या मेस्त्रीने सांगितलं" एवढ्यावर आयोग सहसा विसंबत नाही, आणि समोरचा वकील त्याला धंद्यातली चुरस म्हणतो. लेखी अहवाल हवा. तो तीन ठिकाणी मिळू शकतो. तुमच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करा आणि स्कॅन रिपोर्टसह लेटरहेडवर निरीक्षणं मागा. विमा नियामकाचा परवाना असलेला मोटार सर्व्हेअर फी घेऊन पाहणी करतो. अपघाताच्या दुरुस्तीत आणि डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्याच्या शब्दाला वजन असतं. तिसरी जागा म्हणजे तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातला ऑटोमोबाइल विभाग.

अहवालात "काम खराब आहे" असं मोघम वाक्य नको. काय पाहिलं, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, बिलातली कोणती बाब प्रत्यक्षात झालेली नाही, ती कशावरून कळली आणि नीट करायला किती खर्च येईल, एवढं त्यात असलं पाहिजे. खाली नाव, शिक्षण, अनुभव, सही आणि शिक्का.

गाडी खोलायच्या आधी पहिल्या गॅरेजवाल्याला लेखी कळवा: गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, तीन दिवसांत येऊन पाहा, नाहीतर दोन साक्षीदारांसमोर उघडली जाईल. तो बहुधा येत नाही. पण तुम्ही संधी दिली होती हे कागदावर राहतं. मी साताऱ्याहून हा मेसेज पाठवला, शिवाय स्पीड पोस्टही केलं, आणि चौथ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट झिजून रिव्हेट उघडे पडले होते. ती प्लेट मी पोत्यात गुंडाळून घरी आणली. सुनावणीच्या वेळी टेबलावर ठेवली तेव्हा मला फार काही बोलावं लागलं नाही.

नोटीस: स्वतः लिहिली तरी चालते

ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवाच. अनेक प्रकरणं इथेच मिटतात, आणि न मिटल्यास तुम्ही वाजवी वागलात हे दिसतं. वकिलाच्या लेटरहेडवर असेल तर धाक वाढतो. साध्या कागदावरची नोटीसही तितकीच ग्राह्य असते. पोहोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवा, तिचाच फोटो व्हॉट्सॲपवर आणि प्रत ईमेलवर. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका, तसंच जपून ठेवा.

मजकूर साधारण असा:

"मी दिनांक ___ रोजी माझी गाडी क्रमांक ___ आपल्या गॅरेजमध्ये क्लच घसरत असल्याच्या तक्रारीसाठी दिली. आपण क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग बदलल्याचे सांगून बिल क्रमांक ___ अन्वये रुपये ___ घेतले. दिनांक ___ रोजी ___ किलोमीटरवर गाडी बंद पडली. दिनांक ___ च्या तपासणीत वरीलपैकी एकही भाग बदललेला नसल्याचे आढळले. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. ही सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत बिलाची रक्कम रुपये ___, टोइंग खर्च रुपये ___ व तपासणी खर्च रुपये ___ परत करावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे व अन्य योग्य ठिकाणी दाद मागितली जाईल, व त्याचा खर्च आपल्यावर राहील."

शिव्या नकोत आणि "तुझं गॅरेज बंद पाडतो" नको. "पैसे दे, नाहीतर पोलिसात अडकवतो" हे तर अजिबात नको, कारण ते वाक्य तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल. समाजमाध्यमांवर लिहायचं असेल तर तारीख, बिल आणि जे घडलं तेवढंच लिहा. चोर, दरोडेखोर असे शब्द लिहून बदनामीचा दावा ओढवून घेऊ नका.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बिघडवली असेल तर हीच नोटीस कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवा. वॉरंटीतल्या कामासाठी कंपनीलाही तक्रारीत सामील करता येतं. वॉरंटीबाहेरच्या निव्वळ कामचुकारपणाला मात्र कंपनी सहसा "तो डीलरचा प्रश्न" म्हणते, आणि त्यात काही प्रमाणात तथ्य असतं. तिथे डीलरवरच जोर ठेवा.

१९१५ आणि ग्राहक पंचायत

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार मराठीतही सांगता येते. मोठी कंपनी किंवा साखळी गॅरेज असेल तर इथून बऱ्याचदा काम होतं. गल्लीतल्या गॅरेजवर याचा परिणाम कमी, कारण ही समजुतीची यंत्रणा आहे, आदेश देणारी नाही. आणि इथे तक्रार केल्याने आयोगात जायची मुदत थांबत नाही, हे विसरू नका.

महाराष्ट्राचं भाग्य की इथे ग्राहक चळवळ जुनी आणि जिवंत आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते. या संस्थांचे कार्यकर्ते तक्रार कशी लिहायची, कागद कसे लावायचे हे सांगतात. माझ्या तक्रारीचा पहिला मसुदा अकरा पानांचा होता. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तो साडेतीन पानांवर आणला आणि प्रत्येक वाक्यासमोर विचारलं, "याचा कागद कुठे आहे?" ज्याचा कागद नव्हता ते वाक्य गेलं.

वकील हवा का, आणि मोफत मिळतो का

ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. स्वतः मराठीत तक्रार लिहून स्वतः बाजू मांडता येते. पंधरा हजारांच्या वादासाठी वीस हजारांची फी देणं मला तरी पटत नाही. इंजिनचं काम आहे, रक्कम लाखांत आहे, समोर कंपनी आहे किंवा पोलिसांत प्रकरण न्यायचं आहे, तर वकील घ्या. फी टप्प्याटप्प्याने किती ते लिहून घ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, त्यांना प्रती द्या. "जिंकलो तर इतके टक्के" असा व्यवहार भारतात वकिलांना करता येत नाही. तशी मागणी झाली तर दुसरे वकील बघा.

पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि याची माहिती फार कमी लोकांना असते याचं मला खरंच वाईट वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. गाडी बहिणीच्या किंवा आईच्या नावावर असेल तर तक्रारदार त्याच आणि हक्कही त्यांचाच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती. हेल्पलाइन १५१००.

याच कार्यालयात आणखी एक सोय आहे. केस दाखल न करताच वाद लोक अदालतीसमोर ठेवता येतो. गॅरेजवाल्याला तिथून बोलावणं जातं. फी नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील होत नाही. गावातला, ओळखीतला मेस्त्री असेल, संबंध पार तोडायचे नसतील, तर मी आधी हाच मार्ग सुचवतो.

जिल्हा ग्राहक आयोग

मुदत: वाद उद्भवल्यापासून २ वर्षं. उशीर झाला तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज लागतो. तिथवर जाऊ देऊ नका.

कुठे: गॅरेज जिथे आहे तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता अथवा नोकरी करता तिथे. २०१९ च्या कायद्याने हा मोठा दिलासा दिला. गणपतीला गावी जाताना कोल्हापुरात फसवणूक झाली आणि तुम्ही ठाण्यात राहता, तर तक्रार ठाण्यातच करा.

फी: सेवेसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादाही दिलेल्या किमतीवरच मोजतात आणि ती ५० लाख आहे, त्यामुळे गॅरेजचं जवळपास प्रत्येक प्रकरण जिल्ह्यातच बसतं.

कोण: ज्याने पैसे मोजून सेवा घेतली तो ग्राहक. धंद्यासाठी घेतलेली सेवा यातून वगळली आहे. पण पोटासाठी स्वतः रिक्षा किंवा टॅक्सी चालवणारा माणूस ग्राहकच ठरतो. तक्रारीत "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वाहन वापरतो" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर समोरून पहिला आक्षेप हाच येईल. दहा गाड्यांच्या ट्रॅव्हल्सवाल्याला मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागेल.

तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, किंवा आयोगात जाऊन. मला विचाराल तर एकदा प्रत्यक्ष जा. आवक विभागातले कर्मचारी किती प्रती, कोणता क्रम, कुठे सही हे दोन मिनिटांत सांगतात आणि मग त्रुटींसाठी अर्ज परत येत नाही. संचात लागतं ते असं: तारखांची यादी, तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, फोटो व चॅटच्या छापील प्रती प्रमाणपत्रासह, तज्ज्ञाचा अहवाल, नोटीस व तिची पोहोच, आरसीची प्रत. प्रत्येक पानाला क्रमांक द्या.

मागणी वाजवी ठेवा. बिलाची रक्कम व्याजासह, पुन्हा करावं लागलेलं काम, टोइंग, तपासणी, गाडी बंद असलेल्या दिवसांचा प्रवासखर्च पावत्यांसह, मानसिक त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च. चौदा हजारांच्या बिलावर पाच लाखांचा मानसिक त्रास मागितला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. मग सामनेवाल्याला नोटीस जाते. (पुण्याकडे "जाबदेणार", नागपूरकडे "विरुद्ध पक्ष" हे शब्द दिसतील, अर्थ एकच.) उत्तर द्यायला त्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की या ४५ दिवसांपलीकडे मुदत वाढवता येत नाही. तारीख उलटली तर त्याच दिवशी "विना कैफियत" आदेशासाठी, म्हणजे त्याच्या लेखी उत्तराशिवाय प्रकरण पुढे चालवण्यासाठी, अर्ज द्या. आपण मागितलं नाही तर तारखा पडत राहतात. कायदा तीन महिन्यांत, आणि तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त वेळ जातो. दर तारखेला जाणं जमत नसेल तर व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी मागता येते.

पोलीस ठाणं

करार मोडला म्हणून तो आपोआप गुन्हा होत नाही. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. म्हणूनच ठाण्यात पहिलं उत्तर मिळतं, "ही सिव्हिल मॅटर आहे." अर्जात "काम नीट केलं नाही" असं लिहिलंत तर ते उत्तर बरोबरच आहे. "न बदललेल्या भागांचं बिल देऊन पैसे घेतले" किंवा "माझ्या गाडीतली अमुक क्रमांकाची बॅटरी काढून घेतली" असं, पुराव्यासह लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार केल्यास कलम ३१६. जुनी ४२० आणि ४०६ ती हीच.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे लगेच गुन्हा नोंदला नाही म्हणून चिडू नका. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, पोस्टाने अर्ज करा. तरीही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. या टप्प्याला वकील घ्याच. पैसे परत मिळवायचा मार्ग म्हणून पोलीस केस करू नका. ते काम आयोगाचं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

तडजोड, निकाल आणि वसुली

आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. माझ्या प्रकरणात दुसऱ्या तारखेला गॅरेजमालक वकिलासह आले आणि मध्यस्थीला तयार झाले. बिलाचे १४,६०० आणि टोइंग-तपासणीचा खर्च देण्याचं ठरलं. मानसिक त्रासाची रक्कम मी सोडली. काहींना ते कमीपणाचं वाटलं. मला आणखी दीड-दोन वर्षं तारखांना जायचं नव्हतं, आणि "काम न करता बिल घेतले होते" हे वाक्य त्यांच्या सहीने कागदावर आलं, त्याची किंमत मला जास्त होती.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. गॅरेजवाल्याला अपील करायचं असेल तर आदेशातली ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तुमच्या बाजूने निकाल लागूनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्ज करताना गॅरेजमालकाचा राहता पत्ता आणि यूपीआय पावतीवरून कळलेलं बँकेचं नाव द्या, म्हणजे वॉरंट आणि जप्ती कुठे बजावायची हे शोधण्यात महिने जात नाहीत.

तडजोडीत चेक देऊ केला तर "चेक वटल्यावर तक्रार निकाली" असंच लिहून घ्या. मी डिमांड ड्राफ्ट मागितला, तो खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर पुढच्या तारखेला सही केली, आणि मगच ती प्लेट भंगारवाल्याला दिली.